गाईच्या कॅनमधलं कॅल्शियम

पणदऱ्याला आमच्या गोठ्यात अकरा गाई आहेत. गेल्या वर्षी धार काढून झाली की मला उठता येईना. गव्हाणीचा कठडा धरायचा, दात आवळायचे आणि एकेक पाय सरळ करायचा. सासूबाई ओट्यावरून बघत असायच्या. एकदा त्या मालकांना म्हणाल्या, “गाय बसली तर बाजार तरी दावता येतो. हिला कुठं न्यायची?”

मालक हसले. मी बादली उचलून आत गेले.

दोन गाई व्यायला झाल्या होत्या आणि माझ्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हत्या. म्हणून मालकांनी मला बारामतीला डॉक्टरकडं नेलं. रक्त तपासलं, तर अंगात डी जीवनसत्त्व फारच कमी निघालं. डॉक्टरांनी डीची पुडी लिहून दिली. आठवड्यातून एकदाच, आठ आठवडे, जेवणानंतर दुधातून घ्यायची. शिवाय रोज कॅल्शियमची एक गोळी. “नुसत्या पुडीनं भागत नाही, हाडाला मालही लागतो,” असं ते म्हणाले. माझंच सांगत होते, पण बघत होते मालकांकडं.

औषधाच्या दुकानात मालक म्हणाले, “पुड्या तेवढ्या द्या. कॅल्शियम हाय घरी.”

मला वाटलं, घरी गोळ्या असतील. घरी आल्यावर त्यांनी गोठ्यातला पाच लिटरचा कॅन आणून चुलीपाशी ठेवला. व्यालेल्या गाईला पाजतात तो. “ह्यात डी पण हाय,” ते म्हणाले. “गाय चारशे किलोची, ही पंचेचाळीसची. नववा हिस्सा द्यायचा. एक बूच बास.”

कॅनवर गाईचं चित्र होतं आणि खाली मराठीत लिहिलं होतं, फक्त जनावरांसाठी. मी चौथीपर्यंत शिकले, तेवढं वाचता येतं. त्यावर बोट ठेवून मी सासूबाईंना दाखवलं.

“वाचाया लागली कलेक्टरीण,” त्या म्हणाल्या. “जनावराला चालतंय ते माणसाला चालत न्हाय व्हय? जनावर म्हाग हाय तुझ्यापरीस.”

पुडीसाठी दूध मागितलं तर म्हणाल्या, दूध डेअरीला जातं. मग पुडी मी पाण्यातूनच घेतली.

महिना झाला तरी गुडघे तसेच. तेव्हा सासूबाईंनी बूच ठेवून दिलं आणि पेला घेतला. “बुचानं काय हुतंय? गाय पेलाभर पिती तवा उभी ऱ्हाती.” सकाळी एक पेला, संध्याकाळी एक. मी पिऊन होईस्तोवर समोर उभ्या राहायच्या. पण खरं लिहायचं तर, त्या नसत्या तरी मी प्यायले असते. मला उठायचं होतं. माझ्या मागं त्या दोन गाईंचं कोण करणार, हेही मनात होतंच.

पुढं मला तहान लागायला लागली. तांब्यावर तांब्या प्यायचे तरी तोंड कोरडंच. पोट साफ होईना, खाल्लेलं ठरेना. मी मोरीत ओकत होते तेव्हा शेजारच्या दोघी भाजी निवडायला आल्या होत्या. सासूबाई त्यांना म्हणाल्या, “आता ह्या वयात पाळणा बांधायचा का काय?” त्या दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, लहानपणापासूनच. मी चूळ भरली.

एका सकाळी धारेलाच बसल्या जागी कलंडले. शुद्धीवर आले ती बारामतीच्या दवाखान्यात, हाताला सलाईन. डॉक्टर म्हणाले, रक्तात कॅल्शियम एवढं वाढलंय की मूत्रपिंडावर ताण आलाय. “काय देत होता हिला?”

मालक म्हणाले, “मी कशाला दीन? हीच मनानं गाईचं कॅल्शियम प्याली. अडाणी हाय, डॉक्टर. चौथी शिकल्याली.”

डॉक्टर मला खूप बोलले. जीव गेला असता, अक्कल आहे का, घरात विचारायचं नाही का. मी सलाईनची नळी बघत राहिले. पुड्या बंद, कॅन बंद, पाणी भरपूर, दोन महिन्यांनी परत तपासणी, असं त्यांनी मालकांना सांगितलं.

परत येताना मोटारसायकलवर मालक मान न वळवता म्हणाले, “गप बसलीस ते बरं केलंस. शाणी हायस.” लग्नाला सतरा वर्षं झाली. मला शहाणी ते तेव्हा पहिल्यांदा म्हणाले.

दोन महिन्यांनी मला न्यायला कुणाला सवड नव्हती. मी एकटीच एसटीनं गेले. सगळ्या वाटेवर एकच वाक्य मनात घोळवत होते. रक्त देऊन तीन तास बाकावर बसले तेव्हाही तेच. आत बोलावल्यावर डॉक्टरांनी कागद बघितला. मूत्रपिंड सावरलंय, म्हणाले. डी अजून कमीच आहे, आता थोड्या मात्रेनं सुरू करू. ते लिहायला लागले तेव्हा मी बोलले.

“डॉक्टर, ते मी माझ्या मनानं प्याले नव्हते.”

माझा आवाज मलाच मोठा वाटला. त्यांनी मान वर केली नाही. दारातून पुढचा पेशंट आत डोकावत होता.

“असू द्या,” कागद माझ्यापुढं सरकवत ते म्हणाले. “पुन्हा करू नका, एवढंच.”

“न्हाय करणार,” मी म्हणाले.