जाळीदार वाण

माणसाने माणसावर जळावं हे समजण्यासारखं आहे. मी गेली दोन वर्षं एका खोक्यावर जळतो आहे.

खोकं म्हणजे जुन्या रेडिओसारखं दिसणारं एक यंत्र. लाकूड वाटावं असं प्लॅस्टिक, पुढे दोन सोनेरी बटणं, आणि आत आधीच भरून ठेवलेली शेकडो जुनी गाणी. बटण फिरवलं की गाणं सुरू. ना ॲप, ना पासवर्ड. बाबांच्या पंचाहत्तरीला ते आमच्या नवीन पनवेलच्या घरात आलं आणि त्या दिवसापासून बाबांच्या हातातून खाली उतरलेलं नाही. सकाळी ते बाल्कनीत तुळशीशेजारी असतं, अंघोळीच्या वेळी बाथरूमच्या दाराबाहेर स्टुलावर आणि दुपारी बाबांच्या उशाशी.

ते आणलं दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे गृहस्थ असल्याच वस्तू विकणाऱ्या एका कंपनीत मार्केटिंगला आहेत. त्यांना आवाजातलं काही म्हणजे काही कळत नाही. स्वतःच्या गाडीत ते फक्त बातम्या ऐकतात. पण त्या दिवशी खोकं बाबांच्या मांडीवर ठेवून त्यांनी जे काही सांगितलं, ते ऐकून आई पदराने डोळे पुसत होती. "बाबा, लोकांना वाटतं आम्ही स्पीकर विकतो. आम्ही त्यांचे जुने दिवस परत आणून देतो," असं ते म्हणाले. मी हे वाक्य त्यांच्या जाहिरातीत वाचलेलं होतं. तरी मी मूग गिळून गप्प बसलो, कारण जावयासमोर मेहुण्याने काय बोलायचं?

आता माझी बाजू सांगतो. आमच्या सोसायटीत कोणाला टीव्ही घ्यायचा असो की हेडफोन, आधी मला फोन येतो. नव्या वस्तूचं खोकं उघडण्याचा वास मला अत्तरासारखा आवडतो. लग्न केलं नाही, त्यामुळे पगाराचं काय करायचं हे विचारणारं कोणी नाही. पंचाहत्तरीच्या कितीतरी आधी मी बाबांसाठी दोन स्पीकर घेतले होते. नुसते स्पीकर नव्हेत. त्यांना वेगळा ॲम्प्लिफायर, वेगळे स्टँड, जाड तारा, आणि पुढे काळ्या कापडाची बारीक जाळी. असा आवाज पनवेलमध्ये फार घरांत नसेल. तो आवाज बाबांनी ऐकावा आणि एकदा, फक्त एकदा, "वा!" म्हणावं एवढीच माझी इच्छा होती.

बाबा तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात आयुष्यभर पाळ्या करत होते. पाळी संपवून घरी येताना जिन्यात शिट्टी वाजवायचे. नेहमी एकच भावगीत, कधीकाळी सकाळी रेडिओवर लागणारं. ती शिट्टी ऐकली की आई गॅसवर चहाचं आधण ठेवायची आणि ताई आणि मी पळत दाराशी जायचो. घरात गाणं म्हणजे एवढंच होतं.

स्पीकर लावले त्या दिवशी मी बाबांना बरोबर मध्ये खुर्ची मांडून बसवलं. दोन्ही स्पीकर आणि खुर्ची यांचा त्रिकोण नीट जमायला हवा, नाहीतर सगळं फुकट. मग परदेशी रेकॉर्डिंग लावलं. त्यात ढोलावर झाडूसारखी काठी फिरते आणि मागे कुठेतरी काचेचे ग्लास किणकिणतात. "ऐकलंत? ग्लास ऐकलेत?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "हो. कोण जेवतंय का?"

मग त्यांनी त्यांचं ते शिट्टीतलं गाणं लावायला सांगितलं. मी लावलं, आणि मलाच ऐकवेना. जुनं रेकॉर्डिंग, त्यात खरखर, गाणारीचा आवाज डब्यातून आल्यासारखा. चांगल्या स्पीकरचं हेच असतं, ते काही झाकत नाहीत. मी धृपद संपायच्या आत बंद केलं. म्हटलं, "थांबा बाबा, याची चांगली प्रत शोधून लावतो." बाबा बरं म्हणाले आणि खुर्ची उचलून पुन्हा टीव्हीसमोर घेऊन गेले. चांगली प्रत मी खरंच शोधत होतो. शोधता शोधता दाजी खोकं घेऊन आले.

खोकं आलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आत वाटीएवढा एकच स्पीकर, गाणी चिरडून चिरडून भरलेली, खालचा सूर नाही, वरचा सूर नाही. मी फोनवर मोजमाप करून आलेख काढला आणि बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाले, "असू दे रे. लागतंय की." शेजारचे काका आले की बाबा त्यांना सांगायचे, "आमच्या जावयाने दिलंय." माझे स्पीकर तिथेच दोन्ही बाजूंना उभे असायचे, लग्नात कोणी ओळख न करून दिलेल्या पाहुण्यांसारखे. आई त्यांच्यावर उशांचे धुवायचे अभ्रे ठेवायची.

यंदा अधिक महिना आला. अधिक महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे आणि जावयाला वाण द्यायचं, हे आमच्याकडे काटेकोर पाळतात. वाण जाळीदार असावं लागतं, म्हणून अनारसे देतात. कारण नेमकं कोणाला विचारू नये, आई रागावते. अडचण एवढीच झाली की दाजींना नुकतीच साखर निघाली होती. अनारसे म्हणजे त्यांच्यासाठी विषच. आई म्हणाली, "नुसता एक ठेवू शास्त्रापुरता. पण वाण म्हणून हातात काय द्यायचं?" बाबा दोन दिवस विचार करत होते. चहाची गाळणी झाली, पितळेची चाळणी झाली, सगळं बोलून झालं. "जावयाला चाळणी देतात होय?" म्हणून आईने झटकून टाकलं. मला त्या चर्चेत भारी मजा येत होती. आपल्याला सासराच नाही, त्यामुळे हा मानच आपल्या नशिबात नाही, हेही मध्येच खुपत होतं.

रविवारी ताई आणि दाजी उलव्याहून आले. जेवणं झाली. आई तबक घेऊन बाहेर आली. मी बडीशेप चघळत बसलो होतो. तर आई दाजींकडे गेलीच नाही, ती माझ्या डाव्या स्पीकरपाशी गेली आणि तिने त्याच्या जाळीला हळदकुंकू लावलं. मग उजव्याला. मग निरांजन पेटवून डाव्या स्पीकरच्या डोक्यावर ठेवलं.

"अगं आई, तेल!" मी ओरडलो.

"तूप आहे," आई म्हणाली.

बाबा हात जोडून दाजींसमोर उभे राहिले. "जावईबापू, हे घ्या. जाळीदारच आहे, आणि गोड नाही. तुमच्या नव्या घरातला हॉल मोकळा आहे, तिथे शोभेल." मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, म्हणाले, "तू मला दिलेस म्हणजे माझेच ना? बाजारातून आणून कोणीही देतं. वाण द्यायचं तर घरातली सगळ्यात भारी वस्तू द्यावी."

सगळ्यात भारी वस्तू. हे शब्द ऐकायला मी किती दिवस कान लावून बसलो होतो, आणि ते कानावर आले तेव्हा स्पीकर दाजींचे झाले होते. मला हसू येईना, रडू येईना. दाजी नको नको म्हणत होते, आणि त्यांचं ते नको नको म्हणणंसुद्धा इतकं गोड होतं की माझी आणखी जळजळ झाली. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी "हो, शोभतील तिकडे," असं म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दाजींना तारा जोडता येत नाहीत, म्हणून पुढच्या शनिवारी दुपारी मीच ते घेऊन उलव्याला गेलो. सगळीकडे बांधकामं, रस्त्यावर मातीचे डंपर, आणि डोक्यावरून इतकं खाली जाणारं विमान की चाकं दिसावीत. तेराव्या मजल्यावरचा त्यांचा हॉल एवढा मोठा आणि रिकामा होता की बोललं तरी घुमत होतं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. या हॉलमध्ये आवाज बिघडणार होता. तरी हात गप्प बसेनात. मी गालिचा ओढला, पडदे पसरले, स्पीकर बोटभर पुढे-मागे केले, जाळीवरचं कुंकू ओल्या फडक्याने पुसलं. एका कोपऱ्यातलं गेलं नाही. मग माझं ग्लासांचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं. किणकिणाट झकास आला. दाजी म्हणाले, "वा मेहुणे!" त्यांच्या तोंडचं ते "वा" मला नको होतं.

"थांबा, बाबांना दाखवू," म्हणून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. फोन ताईच्या हातात दिला आणि दुसऱ्या फोनवर काहीतरी शोधायला लागले. शोधलं ते बाबांचं गाणं. कोणीतरी टीव्हीसमोर मोबाइल धरून रेकॉर्ड केलं असावं, इतकी वाईट प्रत. "दाजी, हे नको, हे फार खराब..." असं मी म्हणेपर्यंत त्यांनी बटण दाबलंसुद्धा.

खरखर आली. मग गाणारीचा आवाज आला, आणि त्या रिकाम्या हॉलभर पसरला. ताई फोन धरून उभी होती, तिचा हात हळूहळू खाली यायला लागला. ती मला म्हणाली, "जिना आठवतो का रे?" मी मान हलवली. मला दिसत होता. हिरवा रंग दिलेला, कठड्याला हात लावत चढणारे बाबा, आणि आत आई आधण ठेवतेय.

फोनमधून बाबा म्हणाले, "अगं, फोन वर धर." गाणं अर्ध्यावर आलं तशी त्यांची शिट्टी ऐकू आली, दम कमी पडत होता, पण सूर तोच होता. गाणं संपलं आणि पनवेलहून, फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून, मी इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो शब्द आला.

"वा! वा, जावईबापू!"

दाजी हसले. तेवढ्यात आणखी एक विमान गेलं आणि पुढचं कोणाला ऐकू आलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वाटेत पनवेलच्या उड्डाणपुलाखाली गाडी अडकली, तिथे बसून मी दाजींवर जितकं जळता येईल तितकं जळून घेतलं. बाबा बाल्कनीत बसले होते. खोकं मांडीवर होतं, पण बंद होतं. हॉलमध्ये जिथे माझे स्पीकर उभे असायचे तिथे फरशीवर दोन स्वच्छ चौकोन राहिले होते.

"बस," बाबा म्हणाले. मी बसलो. ते खोक्याच्या बटणावरून नुसतंच बोट फिरवत राहिले.

"ते आपल्याकडचेच ना रे? तेच दोन?"

"तेच."

"इतके दिवस घरात होते. असे कधी वाजले नाहीत." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "तुला त्यातलं कळतं म्हणून विचारतो. जावईबापूंनी काय केलं त्यांना?"

माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. गालिचा मी टाकला, पडदे मी ओढले, बोटभर पुढे-मागे मी केलं. सगळी जिभेवर आली.

"काही नाही, बाबा. तुमचं गाणं लावलं."

"एवढंच?" बाबा म्हणाले.