बाबांचा हात आणि हेडसेटवरचं कुंकू

सकाळपासून मन खातंय, म्हणून लिहिते.

लकवा मारल्यापासून बाबांचा उजवा हात कमजोर आहे. व्यायामासाठी भावाने व्हीआर हेडसेट पाठवला. तो डोळ्यांवर लावायचा आणि हात उचलून समोर दिसणारे फुगे फोडायचे. आत काय चाललंय ते मला मोबाईलवर दिसतं.

आज सेलूच्या घरी पहिल्यांदा लावला. चित्र अडकत होतं. राउटर जवळ आणला, हेडसेट बंद करून चालू केला, तेव्हा ते अडकणं थांबलं. पण चित्रात बाबांचा हात दिसायचा आणि गायब व्हायचा. मी मोबाईलकडे बघत ओरडले, "बाबा, उचला ना हात! जोरच लावत नाही तुम्ही."

"उचलूनच तं राह्यलो ना व," बाबा म्हणाले. तीनदा म्हणाले.

वैतागून हेडसेट काढला, तर हात टिपणाऱ्या बारक्या कॅमेऱ्यांवर वाळलेलं कुंकू! नवी वस्तू म्हणून आईने सकाळी पूजा केलेली.

"चारई कोपऱ्याले बोट लावलं. मले काय माहीत तिथं कॅमेरे हायेत?" आई म्हणाली. मग हळूच, "पण हात तं वरतच होता त्यायचा. मी पाहून राह्यली होती."

कुंकू पुसलं. आता सगळं नीट चालतं. बाबा मात्र "उद्या पाहू" म्हणून आत जाऊन झोपलेत.

ते माझ्यासमोर हातभर अंतरावर बसले होते हो. मी मोबाईलवरून मान वर केलीच नाही.

तुम्ही घरच्या माणसाची माफी कशी मागता?