इंग्रजांच्या काळातलं घड्याळ
चामड्याच्या जुन्या पट्ट्याचा वास आला की मला दुसरबीड गावात झालेला बहिणीचा साखरपुडा आठवतो. मुलाच्या वडिलांनी मखमली डबीतून चामड्याच्या पट्ट्याचं, सोन्याचं परदेशी घड्याळ काढलं आणि भर मांडवात सांगितलं, "हे आमच्या बापाचं, इंग्रजाच्या राज्यातलं. आता सूनबाईले देतो." शेजारी बसलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या आईनं पदरानं डोळे टिपले. मला जुन्या घड्याळांचा नाद, म्हणून मी ते हातात घेतलं. तबकडीच्या तळाशी 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना 'टी' हे इंग्रजी अक्षर होतं. साठच्या दशकात काट्यांवर रेडियमऐवजी अंधारात चमकणारा दुसरा रंग आला, तेव्हापासूनची ती खूण. म्हणजे घड्याळ स्वातंत्र्यानंतर बऱ्याच वर्षांनी बनलेलं. घड्याळाबद्दल खोटं सांगणारी माणसं मुलाबद्दल काय सांगत असतील, या विचारानं मी ताटावरून उठलो. मी बहिणीला स्वयंपाकघरामागे गाठलं. "घड्याळ तेवढं जुनं नाही. अजून वेळ हाय, नाही म्हण." ती हळूच म्हणाली, "मले मालूम हाय, दादा. खरं घड्याळ नवरदेवाच्याच हातून मळ्यातल्या विहिरीत पडलं. आजीले वाईट वाटू नये म्हणून वडिलायनं तसंच दुसरं आणलं. नवरदेवानं मले पहिल्याच भेटीत सांगितलं. तू बी गप राय." निघण्याआधी मी त्यांच्या मळ्यातली विहीर पाहून आलो. ती दर उन्हाळ्यात आटते, तळाचा गाळही काढतात, पण त्यात घड्याळबिड्याळ कधी सापडलं नाही, असं मी विचारल्यावर तिथला गडी म्हणाला. बहीण आज सुखात आहे, म्हणून विहिरीची गोष्टही खोटी असावी, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.