तालमीत निलेशने हात चोळला

आज दुपारी अकोल्यात आमच्या नाट्यमंडळाच्या तालमीला गेले होते. दीड महिन्यापूर्वी माझे पती गेले. त्यांची हमालाची भूमिका आता निलेश करतो. त्यांचं धोतर त्याला द्यायचं होतं.

आमचे दिग्दर्शक तालमीतसुद्धा रिकामं पोतं उचलू देत नाहीत. पाठीवर खरं वजन असलं की चालणं आपोआप खरं होतं, असं त्यांचं म्हणणं. निलेशने भरलेलं पोतं खाली ठेवलं आणि डावा हात खांद्यापासून चोळला.

"वा रे पठ्ठ्या! हे शिकवून येत नाई. रोज असंच कर," दिग्दर्शक म्हणाले.

माझ्या यांनीही तालमीत असाच हात चोळला होता. तेव्हाही कौतुक झालं, मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. चौथ्या दिवशी हे हृदयविकाराने गेले.

मी निलेशला विचारलं, "यांचं पाहून करतोस का?"

"नाई वयनी, मी कुठं पाह्यलं त्यांचं? हात खरंच दुखून राहिला सकाळपासून. गॅस झाला असन."

"आत्ता दवाखान्यात चल."

"रविवारी प्रयोग हाय. तो झाला की जातो ना. तुमी काहून भेता एवढ्या?"

मी कधी आवाज चढवत नाही. आज चढवला. तालीम थांबली.

हे दवाखान्याबाहेर बसून लिहिते आहे. ईसीजी पाहून डॉक्टरांनी त्याला आत ठेवून घेतलं आहे. बाकी काही सांगितलेलं नाही. त्याची बायको पातूरहून निघाली आहे.

नाटक करणाऱ्यांनो, सोबतच्या नटाची एखादी हालचाल फारच खरी वाटली, तर आधी त्याला विचाराल ना, कुठे दुखतंय का म्हणून?