एल्बर्ट हॅस्क्यूने गाणं सोडलं

एल्बर्ट हॅस्क्यू भित्रा होता आणि ही गोष्ट त्याने कधी लपवली नाही. विजेला भ्यायचा, सापाला भ्यायचा, बंदुकीच्या आवाजाला भ्यायचा, आणि चर्चमध्ये पाद्रीबुवांनी नरकाचं वर्णन सुरू केलं की टोपी हातात चुरगाळत बसायचा. टेक्सासच्या उत्तर टोकाला, जिथे सपाट माळ चालता चालता एकदम कड्यावरून खाली कोसळतो, तिथल्या क्रँडल रँचवर त्याने छत्तीस वर्षं घोडे सांभाळले. असल्या मुलखात भित्र्या माणसाने काऊबॉय कशाला व्हावं, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "मला दुसरं काही येत नाही बाबा. आणि शहरात मोटारी असतात."

पण गायचा. उघड्या माळावर गुरं राखणारे गडी गातात ते काही हौस म्हणून नाही. जनावराला माणूस दिसला नाही आणि नुसती चाहूल लागली तर ते बिथरतं; गाणं चालू असलं की माणूस कुठे आहे हे त्याला कळतं, आणि ते निवांत चरतं. बाकीचे गडी जनावरांसाठी गायचे, एल्बर्ट निम्मं स्वतःसाठी. पोटात गोळा आला की त्याचा गळा आपोआप सुरू व्हायचा. असा माणूस शेवटची अठरा वर्षं एक ओळसुद्धा न गाता जगला. लोक म्हणायचे, पस्तीस सालच्या त्या वादळात धूळ गळ्यात गेली म्हणून. एल्बर्ट त्यावर मान डोलवायचा. खरं काय ते त्याने मरायच्या आदल्या वर्षी मालकिणीला, मिस लिओटाला सांगितलं, आणि तिच्याकडून ते आमच्यापर्यंत आलं.

पस्तीस साली रँचवर सिस्टर नावाची चार वर्षांची तांबडी घोडी होती. तिची आई वितानाच मेली, तेव्हा एल्बर्टने बाटलीने दूध पाजून तिला वाढवलं होतं. पाव मैलाच्या शर्यतीत तिला गाठेल असं जनावर आसपासच्या सात तालुक्यांत नव्हतं, आणि तिच्याइतकं खाष्टही नव्हतं. तीन गड्यांच्या दंडावर तिच्या दातांच्या खुणा होत्या. एल्बर्ट गाऊ लागला की मात्र ती गाईसारखी मागे मागे यायची.

"सावकाश गं, सावकाश, इथंच मी गं, इथंच मी." गाणं म्हणजे एवढंच. पुढे चार कडवी होती, पण अर्थ सगळ्यांचा हाच.

आमच्याकडे रीत अशी की शिंगराला ज्याने गाणं लावलं, ते गाणं त्याचं. दुसऱ्याच्या घोड्याचं गाणं म्हणायचं नाही. दुसऱ्याच्या बायकोला लाडाच्या नावाने हाक मारण्यासारखंच ते. आणि आपलं गाणं कुणाला शिकवायचं तर त्याहून नाही. घराची किल्ली कुणी वाटसरूच्या हातात देतं का?

एल्बर्टने दिली. मार्चमध्ये व्हर्न टिल्सन नावाचा रेडिओवर गाणारा काऊबॉय रँचवर आला. पांढरीशुभ्र टोपी, शर्टावर रेशमी गुलाब, आणि बुटाला शेणाचा डाग म्हणून नाही. जुन्या गड्यांची खरी गाणी गोळा करतोय म्हणाला. चार दिवस राहिला, डाळिंब्यांसारख्या शिजवलेल्या घेवड्यावर आणि मक्याच्या पावावर ताव मारला, आणि रोज एल्बर्टशेजारी कुंपणावर बसला.

"म्हातारबा, सगळं टेक्सास रेडिओला कान लावून मला ऐकतं," तो म्हणायचा, "पण ही तुझी घोडी माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. तुझ्या गळ्यात आहे तरी काय?"

एल्बर्टच्या गाण्याला चौपन्न वर्षांत कुणी बरं म्हटलं नव्हतं. स्तुतीने दगडालाही पाझर फुटतो, हा तर एल्बर्ट. त्याने चारही कडवी शिकवली. कुठे थांबायचं, कुठे जीभ टाळूला लावून टक् करायचं, सगळं. शेवटच्या दिवशी व्हर्न गात असताना सिस्टरने कान टवकारले आणि दोन पावलं पुढे आली. तेव्हा एल्बर्टला क्षणभर भीती वाटली. पण त्याला उगाच भ्यायची सवयच होती, म्हणून त्याने लक्ष दिलं नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी सगळे चर्चमधून परतले, तर सिस्टरचं आवार रिकामं. फाटक नीट लावलेलं, कडी जागच्या जागी. जमिनीवर झटापटीची एक खूण नाही.

शेरीफ ब्रिस्को आला, आवाराभोवती एक फेरी मारली आणि एल्बर्टसमोर उभा राहिला. "ही घोडी माझ्या हवालदाराचं बोट तोडायला निघाली होती. ती कुणाबरोबर अशी गुपचूप चालत जाते, एल्बर्ट?"

"माझ्याबरोबर," एल्बर्ट म्हणाला. खरं तेच होतं.

"मग?"

घोडेचोरीला आमच्याकडे अजून फाशीचंच पाप मानतात, कायद्याच्या पुस्तकात काहीही लिहिलेलं असो. एल्बर्टने हिशेब केला. सांगावं तर स्वतःच किल्ली दिल्याची कबुली. न सांगावं तर घोडी गेली, आणि चोर आपणच. शेवटी तो मिस लिओटाकडे वळला आणि खाली मान घालून म्हणाला, "मी त्या रेडिओवाल्याला तिचं गाणं शिकवलं."

मिस लिओटा नवरा गेल्यापासून एकटी रँच चालवत होती आणि तिची जीभ चाबकासारखी होती. तिने तबेल्याकडे बोट केलं. मग म्हणाली, "गाढवा, घोड्यावर बस. रडणं नंतर."

माग काढायला कष्ट पडले नाहीत. सिस्टरच्या पाठीवर परक्याला बसता येणं शक्य नव्हतं, म्हणून व्हर्न तिला कड्याच्या काठाकाठाने पायी नेत होता. पंधरा मैलांवर कड्यावरून खाली उतरणारी एकच वाट होती, आणि खाली रस्त्यावर त्याच्या जोडीदाराचा ट्रक उभा असणार हे शेरीफने ताडलं. दीड तासात त्यांनी त्याला गाठलं. दिसायच्या आधी तो ऐकू आला. वाऱ्यावरून एल्बर्टचंच गाणं येत होतं, एल्बर्टहून कितीतरी गोड आवाजात, आणि ते ऐकून एल्बर्टच्या अंगावर सर्रकन काटा आला.

शेरीफने हाळी दिली. व्हर्न वळला, रायफल घोडीच्या मानेला टेकवून उभा राहिला आणि ओरडला, "जवळ आलात तर हिला इथंच आडवी करीन! ही जिवंत असली तर पुरावा, मेली तर नुसतं मढं!"

"करील हो तो," एल्बर्ट पुटपुटला. "मिस लिओटा, तो करील."

शेरीफने दम खाल्ला. आपण आणि मिस लिओटा माळाला वळसा घालून उताराची वाट आधी गाठू, असं ठरवून तो एल्बर्टला म्हणाला, "तू इथंच राहा. तो मागे फिरला तर आरोळी ठोक. बाकी तोंड बंद." ते दोघे दौडत गेले. एल्बर्ट आपला घोडा एका खुरट्या झुडपाला बांधून त्याच्या आड बसला. शंभरेक पावलांवर व्हर्न, त्याच्यापलीकडे वीस पावलांवर कडा, आणि कड्याखाली दोनशे फूट नुसती हवा.

तेवढ्यात उत्तरेकडून पक्षी आले. शेकडो, जमिनीलगत, आवाज न करता. त्यांच्या मागून आभाळाला टेकलेली काळी भिंत सरकत येत होती. त्या वर्षी धुळीची वादळं आम्हाला नवी नव्हती, पण असली भिंत कुणी पाहिली नव्हती. व्हर्ननेही मागे पाहिलं, घाईने दोर मनगटाला गुंडाळायला गेला, आणि सिस्टर मागच्या दोन पायांवर उभी राहिली. दोर सुटला. मग धूळ आली आणि भर दुपारी डोळ्यांसमोरचा हात दिसेना.

एल्बर्टने रुमाल तोंडाला बांधला आणि पालथा पडला. त्याचा घोडा झुडूप उपटून कधीच पळाला होता. वाऱ्याच्या घोंघाटात त्याला सिस्टरची किंकाळी ऐकू आली. मग टापा. या बाजूला, मग त्या बाजूला, मग दगडावर घसरलेली नाल. कड्याजवळचा दगड होता तो. माळावर दगड नव्हतेच.

गायला हवं होतं. आणि गाणं म्हणजे काय? मी इथं आहे, मी इथं आहे, असं बंदूकवाल्याला ओरडून सांगणं. एल्बर्टने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. त्याने नंतर मिस लिओटाला सांगितलं की त्या क्षणी त्याला सिस्टरची आठवण नव्हती, कुणाचीच नव्हती. फक्त आपली रुंद पाठ गोळीला किती उघडी आहे एवढंच जाणवत होतं. पुन्हा नाल घसरली. तो उठून बसला आणि गाऊ लागला.

"सावकाश गं, सावकाश..."

गोळी डोक्यावरून गेली. एल्बर्टने विजार ओली केली, हेही त्यानेच सांगितलं, आणि गात राहिला. दुसरी गोळी आली नाही. त्याऐवजी धुळीतून व्हर्नचा आवाज आला, तेच गाणं, तेच कडवं, अगदी स्वच्छ. घोडी मेली तर आपल्या हाती काय लागणार, हे त्याच्या लक्षात आलं असावं. दोघं जण एकमेकांना न दिसता एकच गाणं गात होते आणि मध्ये कुठेतरी टापा थबकल्या होत्या.

एल्बर्टला ठसका लागला. गाणं तुटलं. व्हर्नचं चालूच होतं, सुरेल, न थांबता. गेली, एल्बर्टला वाटलं. आणि त्याच्या कानाशी गरम श्वास आला, आणि सिस्टरने त्याच्या खांद्याला दात लावले, अगदी हलके. त्या आवाजाहून हा आवाज तिने का निवडला ते तिचं तिला ठाऊक. एल्बर्टने तिची मान मिठीत घेतली, अंगातला कोट काढून तिच्या डोळ्यांवर टाकला आणि तिला घेऊन खाली बसला.

व्हर्नचं गाणं थांबलं.

"एल्बर्ट?" तो म्हणाला. "म्हातारबा, मिळाली ना तुला? बरं झालं. ऐक, मला काही दिसत नाही. पायाखालचे दगड सरकतायत. कडा कुठल्या बाजूला आहे रे?"

एल्बर्ट बोलला नाही.

"बंदूक टाकली मी. देवाशप्पथ टाकली! तू नुसतं गात राहा. मी तुझ्या आवाजावर येतो."

खोटं बोलतोय, एल्बर्टला वाटलं. या माणसाने चार दिवस गोड बोलून आपल्याकडून सगळं काढून घेतलं. आवाज दिला की नेम धरील, आणि घोडी आपल्या अंगाला चिकटून आहे. व्हर्नला वाट दाखवायला एक ओळ पुरे होती. एल्बर्टच्या जिभेवर ती आलीही होती. सिस्टर फुरफुरायला गेली, तेव्हा त्याने तिच्या नाकपुड्यांवर हात दाबला, म्हणजे तिचाही आवाज जाऊ नये.

"म्हातारबा, असा गप्प बसू नकोस रे," व्हर्न म्हणाला. आवाज आता रेडिओवरचा राहिला नव्हता. लहान मुलासारखा झाला होता. मग तोच गाऊ लागला. एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा, एल्बर्टने पुढची उचलावी म्हणून. "सावकाश गं, सावकाश," आणि गप्प. पुन्हा तीच ओळ, आणि गप्प. आवाज थोडा जवळ आला, मग डावीकडे गेला. डावीकडे कडा होता. एल्बर्टला ते माहीत होतं. भीतीने त्याचे दात वाजत होते आणि ते ऐकू जाऊ नयेत म्हणून त्याने शर्टाची बाही दातांत धरली. तिसऱ्या वेळी व्हर्नने ओळ सुरू केली ती पुरी केली नाही. दगड गडगडत गेल्याचा आवाज आला, बराच वेळ आला, आणि मग नुसता वारा उरला.

धूळ बसायला तास गेला. शेरीफ आणि मिस लिओटा घोडे हाताने ओढत परतले, दोघांच्या भुवया मातीने थापलेल्या. मिस लिओटाने सिस्टरला पाहिलं आणि ती मटकन खाली बसून रडू लागली. एवढ्या वर्षांत तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. "तो मला गा म्हणत होता, मी गप्प राहिलो आणि तो पडला," एवढंच एल्बर्टने सांगितलं. शेरीफ काठावर गेला, खाली वाकून पाहिलं आणि टोपी काढली.

एल्बर्ट उभा राहून पाय मोकळे करायला दहाबारा पावलं चालला असेल, तोच त्याच्या बुटाला काहीतरी लागलं. नव्या धुळीतून रायफलचा दस्ता वर आला होता. कड्यापासून चांगली दूर होती ती, सपाट जमिनीवर टाकलेली.

"एल्बर्ट," शेरीफ काठावरून म्हणाला, "खाली बंदूक दिसत नाही मला. पडला तेव्हा त्याच्या हातात होती का?"

एल्बर्टने बुटाने धूळ दस्त्यावर लोटली आणि त्यावर पाय ठेवला.

"होती," तो म्हणाला.

"बरं झालं तू गप्प राहिलास ते. नाहीतर आज दोन खड्डे खणावे लागले असते." शेरीफने टोपी घातली. मिस लिओटा उठली, डोळे पुसले आणि सिस्टरचा दोर एल्बर्टच्या हातात देऊन म्हणाली, "चल, हिला पाणी दाखवू. गा तिच्यासाठी काहीतरी, अजून थरथरतेय बिचारी."

एल्बर्ट दोर धरून तसाच उभा राहिला. त्याला पाय उचलता येत नव्हता.