माती गेली, धोंडे राहिले

मुजावर सर गेल्याचं मला हातकणंगल्याच्या स्टेशनवर कळलं. कॉलेजातली जुनी मैत्रीण गाडीतून उतरली आणि माझा हात धरून म्हणाली, "अगं, आपले दगडवाले सर गेले की…" त्याला आता काही आठवडे झाले, पण शाळेत भूगोल शिकवायला उभी राहिले की अजून सरच आठवतात.

बाहत्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. सर आम्हाला भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि दर वर्षी हंपीला न्यायचे. आपल्याकडं सगळा काळा कातळ, ग्रॅनाइट बघायचा तर तिकडंच जायला हवं. गारगोटीहून आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, निरोप आला: सहल नाही, आणि असले नाद असतील तर कॉलेजही पुरे. मी रडून रडून डोळे सुजवले. रविवारी मी घरी गेले होते, बघते तर सर एसटीनं थेट आमच्या दारात, सोबत त्यांच्या पत्नी, आमच्या चाची.

"या पावणं," आबा म्हणाले, "पर पोरगी दगडं बघाया तिकडं कशाला? आमच्या रानात कमी हायत व्हय?"

"न्हाईत की. चला, दाखवा," सर म्हणाले.

विहिरीच्या कडेला मुरुमात गोल गोटे अडकलेले होते. सरांनी अंगठ्यानं चोळलं तशी एकाची साल कांद्यासारखी सुटली. "पाणी भेगांतनं शिरतं. कोपऱ्याला दोन्हीकडनं खातं, म्हणून कोपरा आधी कुजतो आणि मधला गोटा ऱ्हातो. तिकडं ग्रॅनाइटचे असलेच गोटे घराएवढे हायत. मुरूम वाहून गेलाय, एकावर एक उघडे पडल्यात." आबांनी दुसरा गोटा स्वतः चोळून बघितला. मग म्हणाले, "मग मी बी येतो."

आणि खरंच आले, पटका बांधून! आम्ही मुली टेकडीवर चढलो तर हे खालून ओरडतायत, "उतरा गं, गडगडंल त्यो धोंडा!" सर हसत म्हणाले, "आबा, त्यो कुणी आणून ठेवल्याला न्हाय. हितंच जमिनीत घडला. भवतीची माती गेली, त्यो राहिला." आबांचा चेहरा उतरला. "येवढी माती गेली कुठं?" शेतकऱ्याला मातीचंच पडलेलं. सरांनी नदीकाठची हिरवी भातं दाखवली. "कुणाच्या तरी रानात हाय की." तेव्हा कुठं आबांचा जीव भांड्यात पडला. परतताना गाडीत ते सरांना म्हणाले, "शिकवा पोरीला. शिकंल तेवढं शिकवा." त्या वाक्यावर माझा सगळा जन्म उभा आहे.

परवा शाहूपुरीत चाचींकडं गेले. सरांचे दगड कॉलेजला देऊन झाले होते. "आठवण म्हणून काय ठेवलंत?" मी विचारलं. चाचींनी दाराआडून कॅनव्हासचे बूट काढले… त्यांचे स्वतःचेच. "मला कुठली गं दगडांची हौस? चढताना दम लागायचा. पर बाईमाणूस संगट हाय म्हटलं की पोरींचे बाप व्हय म्हणायचे. म्हणून दर साली हे आधी माझं तिकीट काढायचे."

मी बूट हातात घेतले. तळ पार झिजले होते, आणि त्यातले थोडे माझ्यासाठीही झिजले होते.