काकांना चालून दाखवायचं होतं

"जरा चालून दाखव गं," काका म्हणाले. "मुलांना कळू दे."

क्योतोच्या म्युझियममध्ये. रविवारच्या गर्दीत.

समोर युरोपातलं सोळाव्या शतकातलं चित्र. वहीच्या पानाएवढं. त्यात भिकारी. कुणाला पाऊल नाही, कुणाला पोटरीच नाही. गुडघ्यांना लाकडी ठोकळे बांधलेले, काखेत कुबड्या. आणि चित्राशेजारी मी. उजव्या पायात पोलिओ, त्याला लोखंडी कॅलिपर. काखेत कुबडी.

काकांच्या मुलीनं एकदा चित्राकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. ओरडली, "ओनाजी!" म्हणजे सारखंच. बाकीची मुलं हसली. मोठी माणसंही हसली, तोंडावर हात धरून.

सगळी आपलीच मराठी माणसं. विद्यापीठातले संशोधक, त्यांच्या बायका. काका त्यांच्यात सगळ्यांत जुने, म्हणून सगळ्यांचेच काका. मी पीएच.डी. करत होते आणि माझी स्कॉलरशिप संपत आली होती. ती वाढवून मिळावी म्हणून काका माझ्या सेन्सेईंकडे, म्हणजे प्राध्यापकांकडे, शब्द टाकणार होते. म्हणून मी सगळं हसून घेत होते. काका म्हणायचे, "तुमच्या वस्तीत पोलिओचा डोस कोण देणार म्हणा!" मी हसले. "कोट्यातली असली तरी पोरगी हुशार आहे हं." तेव्हाही हसले. त्यांच्या घरी जेवायला सगळ्यांना स्टीलची ताटं, मला कागदाची. "तुला धुवायचा त्रास नको." तेही गिळलं.

त्या दिवशीही कुबडी पुढे टाकलीच होती. तेवढ्यात चित्रातला मधला माणूस दिसला. तोंड उघडं. बोंब मारतोय. आणि एक बाई त्याच्याकडे पाठ करून निघून चाललीय. साडेचारशे वर्षं हा ओरडतोय. लोक तिकीट काढून येतात आणि त्याचे पाय बघतात.

कुबडी मागे घेतली.

"नाही चालणार, काका."

"अगं, गंमत!"

"मी चित्र बघायला आलेय. तुमच्या मुलांना दाखवायला मी काय जनावर आहे?"

आवाज चढला होता. गार्ड आला, वाकून गप्प राहायला सांगून गेला. काकू पुटपुटल्या, "तुम्हा लोकांना ना, गंमतच कळत नाही."

"तुम्हा लोकांना म्हणजे कुणाला, काकू?"

सगळे पुढच्या दालनात निघून गेले. मी तिथेच. स्कॉलरशिप गेली, एवढंच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये काकांचा फोन. "मुलांसमोर अपमान केलास माझा. घरी येऊन माफी माग. मग बघू सेन्सेईंचं."

"माफी तुम्ही मागायची. त्याच मुलांसमोर."

फोन ठेवला आणि तशीच सेन्सेईंच्या खोलीवर गेले. दार वाजवलं. मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं, हे माझं काम, एवढं राहिलंय, स्कॉलरशिपची मुदत वाढवून हवी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "कमिटी ठरवेल. खात्री देता येणार नाही."

नको खात्री. नाही मिळाली तर हॉटेलात भांडी घासीन, पण प्रबंध पुरा करीन. माझ्या पायावर, माझ्या जातीवर कुणी बोललं की तिथल्या तिथे विचारीन. भरल्या घरात. मोठ्यानं. आणि कुणाच्या मेहेरबानीसाठी हसणार नाही. कधीच.